दोन वाक्यांचा माणूस

शाळेचे स्नेहसंमेलन ठरले आणि 'शोले'तला एखादा प्रवेश बसवायचा म्हटले, की गुरुजींपुढे पहिली अडचण उभी राहते ती पात्रे वाटण्याची. गब्बर व्हायला दहा मुले तयार असतात. जय आणि वीरू यांच्यासाठी वर्गात दोन तट पडतात. बसंती कोण होणार, यावरून मुलींमध्ये आठवडाभर अबोला चालतो. मग उरतात ती लहान कामे. उंच खडकावर बंदूक घेऊन बसलेला सांभा, गावात धान्य न्यायला आलेला कालिया, आंधळे इमामसाहेब, ठाकुरांचा नोकर रामलाल. ही कामे ज्यांच्या वाट्याला येतात ती मुले हिरमुसतात. आणि ती कुणाच्या वाट्याला येतात, तेही आपण न बोलता ठरवून टाकलेले असते. जो मागच्या बाकावर बसतो, ज्याला चारचौघांत बोलता येत नाही, ज्याचा सदरा जुना आहे, त्याला आपण म्हणतो, "तू रे, तू नोकर हो."

आज मला बोलायचे आहे ते या लहान कामांविषयी. दुसऱ्याने निर्माण केलेले लहान पात्र आपण रंगमंचावर उभे करतो, किंवा त्याच्यावर पुढची-मागची गोष्ट रचतो, तेव्हा त्या पात्राशी इमान कसे राखावे, हा माझा विषय आहे. अशा गोष्टींना हल्ली 'फॅन फिक्शन' म्हणतात. शब्द नवा आहे, पण खोड जुनी आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून सीतेच्या वनवासावर ओव्या रचल्या आणि पुराणातल्या सीतेला आपला सासुरवास सांगायला लावला, तेव्हा त्यांनी दुसरे काय केले? रामायणात ऊर्मिलेला फार थोडी जागा मिळाली, याची खंत रवींद्रनाथांनी एका निबंधात मांडली आणि पुढे हिंदीत मैथिलीशरण गुप्तांनी 'साकेत' लिहून तिला बोलते केले. तेव्हा चित्रपटातल्या सांभावर एखाद्या मुलाने वहीत गोष्ट लिहिली, तर तो काही वाया गेला असे समजण्याचे कारण नाही.

उदाहरणासाठी 'शोले'च घेतला, याचे कारण उघड आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी हा चित्रपट लागला. सलीम-जावेद यांनी तो लिहिला आणि रमेश सिप्पी यांनी दिग्दर्शित केला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षे चालला. त्याच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या निघाल्या, पुढे कॅसेटी निघाल्या, आणि जत्रेत, लग्नाच्या मांडवात, हॉटेलात कर्ण्यावरून त्या वाजत राहिल्या. चित्रपट डोळ्यांनी पाहिला नाही, पण कानांनी पाठ आहे, अशी माणसे खेडोपाडी निघाली. तेव्हा उदाहरण समजावून देण्यात आपला वेळ जायचा नाही.

आता असे पाहा. कालियाचे काम केले आहे आपल्या मराठी रंगभूमीवरच्या विजू खोटे यांनी. त्यांचा जन्म १९४१ चा, आणि २०१९ साली ते वारले. शेकडो भूमिका केल्या, पण लोक त्यांना अखेरपर्यंत कालिया म्हणूनच हाक मारीत. तीच गत सांभाचे काम करणाऱ्या मॅक मोहन यांची. एवढ्या लांब चित्रपटात सांभाच्या तोंडी शब्द किती? बोटांवर मोजता येतील इतके. सरकारने माझ्यावर किती बक्षीस लावले आहे, असे गब्बर विचारतो आणि सांभा वरून आकडा सांगतो. बाकी तो बसलेला असतो. तरी तो कुणी विसरत नाही. हे कसे झाले?

माझ्या मते त्याचे उत्तर असे. सांभाला गब्बर जे विचारतो ते गब्बरला माहीत असते. त्याला माहिती नको आहे, त्याला आपला मोठेपणा दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा आहे. आणि सांभाला हे कळते. मालकाला काय ऐकायचे आहे हे ओळखून नेमके तेवढेच आणि वेळेवर बोलणारा माणूस आपल्या ओळखीचा असतो. कचेरीत असतो, चावडीवर असतो, पुढाऱ्याच्या जीपमध्ये मागे बसलेला असतो. म्हणून सांभा खरा वाटतो. आता संमेलनात सांभा होणारा मुलगा काय करतो? टाळी मिळावी म्हणून तो खडकावरून उडी मारतो, आकडा तीनदा ओरडतो, मिशीला पीळ भरतो. लोक हसतात, हे खरे. पण सांभा तिथे उरत नाही, टाळी मागणारा मुलगा उरतो. काम लहान आहे म्हणून ते फुगवायला गेले, की त्यातला माणूस निघून जातो.

तेव्हा इमान राखण्याची पहिली गोष्ट ही : पात्राचे माप बदलू नये. त्याला जेवढे बोलायचे आहे तेवढेच बोलू द्यावे, आणि उरलेल्या वेळात त्याला ऐकू द्यावे. लहान पात्राचे अर्धे काम ऐकण्यात असते. गब्बर बोलत असताना सांभाचे डोळे कुठे आहेत? बंदूक कोणत्या हातात आहे? त्याला ऊन लागते आहे का? हे मुलाला विचारा. मग तो उडी मारायचा नाही.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे, आणि गुरुजींनी ती फळ्यावर लिहून ठेवावी. या पात्राला या क्षणी काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक नाही?

रामलालचे पाहा. सत्येन कप्पू यांनी हे काम केले. रामलाल ठाकुरांच्या मागे-पुढे असतो. ठाकुरांचे हात गब्बरने तोडले आहेत, हे प्रेक्षकाला पुष्कळ उशिरा कळते. तोवर ती शाल अंगावर का आहे याचा उलगडा आपल्याला होत नाही. पण रामलालला ते पहिल्यापासून ठाऊक आहे. किंबहुना, ठाकुरांचे हात म्हणजे रामलालच. तेव्हा रामलाल होणाऱ्या मुलाने काय सांभाळायचे? जे मला ठाऊक आहे आणि समोर बसलेल्यांना ठाऊक नाही, ते न दाखवता त्याप्रमाणे वागायचे. शाल सरकली तर ती सावरायची, पण सवयीने, नाटक न करता. हे काम वीरूच्या कामापेक्षा सोपे आहे असे कोण म्हणेल?

इमामसाहेबांचे याच्या अगदी उलट आहे. ते ए. के. हंगल यांनी केले. आंधळा म्हातारा, एकुलता एक मुलगा अहमद. मुलाला जबलपूरला विडीच्या कारखान्यात काम मिळते आहे, पण आंधळ्या बापाला टाकून जायला त्याचा पाय निघत नाही. बापच त्याला जायला लावतो. वाटेत गब्बरची माणसे त्याला धरतात, आणि मग घोड्यावरून त्याचे प्रेत गावात येते. सारा गाव गोळा होतो. कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. आणि अशा वेळी इमामसाहेब काठी टेकीत येतात आणि विचारतात की बाबांनो, सगळे इतके गप्प का?

श्रोतेहो, रंगमंचावरच्या, म्हणजे त्या चौकातल्या, प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त बापाला ठाऊक नाही. हे ते वाक्य आहे. आणि आज त्याचे आपण काय केले आहे? वर्गात मुले गप्प बसली की कुणीतरी घोगऱ्या आवाजात ते वाक्य म्हणतो आणि सगळे हसतात. लग्नाच्या पंगतीत म्हणतात, बैठकीत म्हणतात, मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. एका बापाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण आपण विनोदाला वापरतो, आणि वापरताना तो कुणाचा होता हे विसरतो. यात कुणाचा दुष्टपणा आहे असे मी म्हणत नाही. वाक्य माणसापासून सुटे झाले, की असे होते. नकला करणारा वाक्य उचलतो. भूमिका करणाराने माणूस उचलावा लागतो.

संमेलनात इमामसाहेबांचे काम करताना दोन अपघात हमखास होतात. एक म्हणजे आंधळेपणाची नक्कल. बुबुळे वर फिरवायची, हात चाचपडत ठेचकाळायचे, की मागून हशा. दुसरा, खोटी दाढी लावून 'मुसलमानी' म्हणून कुठला तरी ओढूनताणून काढलेला हेल. समोर प्रेक्षकांत कुणाचे आजोबा आंधळे असतील. वर्गात एखादी शेख किंवा तांबोळी आडनावाची मुलगी बसलेली असेल. तिला त्या दाढीत आपले घरचे कुणी दिसते का, एवढे गुरुजींनी मनाशी विचारावे. रामगढातले इमामसाहेब त्या गावाचे आहेत. पायाखालची वाट त्यांच्या ओळखीची आहे. ते ठेचकाळत नाहीत. ते सावकाश चालतात, आणि आवाजाच्या दिशेला आधी कान वळवतात, तोंड मागाहून वळते. मुलाला दोन दिवस घरात डोळे मिटून पाण्याचा तांब्या आणायला सांगा. चाचपडणे आपोआप कमी होईल.

आणि त्या प्रवेशाचे पुढे काय होते ते ध्यानात घ्या. गाव घाबरलेला आहे. जय आणि वीरूला आमच्या हवाली करा, असा गब्बरचा निरोप आलेला आहे. लोक म्हणू लागतात की हे ओझे आम्हाला झेपणार नाही. तेव्हा ज्याचा मुलगा गेला तो म्हातारा त्यांना धीराच्या गोष्टी सांगतो. बापाच्या खांद्यावर मुलाचे प्रेत, याहून जड ओझे जगात नाही, आणि ते मी उचलतो आहे, असा त्याच्या बोलण्याचा मतलब. आणि मग तो नमाजाला निघून जातो. तो रडून गोंधळ घालीत नाही. संमेलनात मात्र आपण त्याला छाती पिटायला लावतो. मूळ पात्राने जिथे दुःख आवरले, तिथे आपण ते सांडू द्यायचे नाही. तिसरी गोष्ट ही.

आता कालियाकडे वळू. कारण इथे कुणी शिक्षक मला थांबवून विचारतील, "अहो, दरोडेखोराशी कसलं इमान राखायचं? मुलांनी चोराचं मन समजून घ्यावं, असं तुम्हाला म्हणायचं आहे का?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो. कालियाचे चित्रपटात मोठे प्रसंग दोनच. पहिल्यात तो दोन साथीदारांसह घोड्यावरून रामगढात येतो आणि शेतकऱ्यांचे धान्य मागतो. गरीब माणूस आपल्या घरची ज्वारी घेऊन येतो, तर कालिया त्याला हिणवतो. मग ठाकूर त्याला अडवतात, वर जय आणि वीरू बंदुका रोखून उभे असतात, आणि तिघे रिकाम्या हाताने परततात. दुसऱ्या प्रसंगात तोच कालिया गब्बरपुढे मान खाली घालून उभा आहे. ते किती जण होते, असे गब्बर विचारतो. दोघे होते, आणि आपण तिघे होतो, हे कबूल करावे लागते. मी तुमचे मीठ खाल्ले आहे, अशी तो गयावया करतो. पिस्तुलात तीन गोळ्या आणि तीन रिकाम्या जागा ठेवून गब्बर ते फिरवतो आणि एकेकावर चाप ओढतो. तिघेही वाचतात. गब्बर हसू लागतो, टोळी हसू लागते, ते तिघेही हसू लागतात. आणि त्या हसण्यातच तो तिघांना गोळ्या घालतो.

आता सांगा, गावात घोड्यावर बसलेला उर्मट कालिया आणि अड्ड्यावर थरथरणारा कालिया ही दोन माणसे आहेत का? नाही. माणूस एकच. खालच्याला वाकवायचे आणि वरच्यापुढे वाकायचे, या शिडीवर तो मधल्या पायरीला उभा आहे. म्हणून कालिया होणाऱ्या मुलाने दुसऱ्या प्रसंगात कीव मिळवण्यासाठी पहिल्या प्रसंगातला उर्मटपणा मऊ केला, तर ते बेइमान झाले. आणि तो दुष्टच आहे म्हणून दुसऱ्या प्रसंगातली त्याची भीती थट्टेची केली, तर तेही बेइमानच. दोन्ही पुरते दाखवले पाहिजे. विशेषतः ते शेवटचे हसू. सुटलो, असे वाटल्यावरचे हसू. त्यात आनंद थोडा आणि धन्याला बरे वाटावे ही धडपड जास्त. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला ते हसू साधले, तर जुलमी माणसाच्या पदरी राहणे म्हणजे काय, हे त्याला दहा धड्यांनी कळले नसते इतके कळेल. समजून घेणे म्हणजे माफ करणे नव्हे. ज्वारी हिणवणारा कालिया आपण माफ केलेला नाही.

इथवर भूमिका करण्याविषयी झाले. आता गोष्ट रचण्याविषयी.

कालियाला घर होते का? आई होती का? तो टोळीत कसा आला? चित्रपट काही सांगत नाही. ही मोकळी जागा आहे आणि मुलांनी तिथे खुशाल नांगर घालावा. दुष्काळात जमीन गेलेला, सावकाराला कंटाळलेला, की निव्वळ आळसाने बिघडलेला, काय हवे ते लिहावे. अट एकच. तुमची गोष्ट ज्या रस्त्याने जाईल तो रस्ता शेवटी त्या दोन प्रसंगांपाशी पोचला पाहिजे. तुमचा कालिया जर इतका दयाळू असेल की तो ज्वारी हिणवूच शकणार नाही, तर तो कालिया नव्हे. त्याला दुसरे नाव द्या आणि नवी गोष्ट लिहा. तेही चांगलेच. नवे सांगावे, पण मूळ गोष्टीला खोटे पाडू नये.

आपल्याकडे याचा उत्तम धडा दशावतारात मिळतो. सिंधुदुर्गात, गोव्यात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो, तेव्हा नटांच्या हाती लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कोणते ते ठरते, प्रसंगांचा क्रम ठरतो, आणि मग जो तो आपल्या पात्राच्या तोंडून आयत्या वेळी बोलतो. समोरच्याने अवघड प्रश्न टाकला तर उत्तरही तिथल्या तिथे. शब्द नटाचे, पण स्वभाव पुराणातला. वर्गात हाच खेळ खेळता येतो. एका मुलाला सांभा करा आणि बाकीच्यांनी त्याला प्रश्न विचारा. "सांभा, तुला गब्बरची भीती वाटते का?" "कालियाला मारलं तेव्हा तू कुठं पाहत होतास?" मुलाने सांभा म्हणून उत्तर द्यायचे. तो जर लांबलचक भाषण करू लागला, तर वर्गच म्हणेल, "गुरुजी, सांभा इतकं बोलत नाही!" पात्राचे माप मुलांना असे आपोआप कळते.

लहान पात्र ताणले की काय होते, याचाही एक दाखला आहे. 'शोले'तला सूरमा भोपाली, म्हणजे लाकडाच्या वखारीत बसून आपल्या शौर्याच्या थापा मारणारा गृहस्थ, जगदीप यांनी अजरामर केला. जय आणि वीरू मागे येऊन उभे राहिलेले त्याला ठाऊक नसते, यात त्या प्रसंगाची सारी गंमत. पुढे १९८८ साली जगदीप यांनी स्वतःच 'सूरमा भोपाली' या नावाचा अख्खा चित्रपट काढला. नट तोच, पात्र तेच. पण आज लोकांच्या तोंडी आहे तो 'शोले'तला काही मिनिटांचाच भोपाली. लाडूत वेलदोडा हवा असतो, वेलदोड्याचा लाडू होत नाही.

एक शंका उरते. इमान राखायचे ते कोणत्या 'शोले'शी? कारण शेवट दोन आहेत. मुळात ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतात असा शेवट चित्रित झाला होता. सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा ऐन वेळी पोलीस येतात असा शेवट करून १९७५ साली चित्रपट दाखवला गेला. अहमदच्या मृत्यूचा प्रसंगही असाच कापला गेला. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, एवढ्यावर आपण काय ते समजायचे. मूळ शेवटासह नीट केलेली प्रत २०२५ साली इटलीतल्या बोलोन्या शहरी महोत्सवात दाखवली गेली. मग शाळेने कोणता घ्यावा? कोणताही घ्यावा, पण एक ठरवून घ्यावा आणि मुलांना दोन्ही सांगावेत. अर्धा इकडला, अर्धा तिकडला असे केले, की पात्रांचे वागणे जुळत नाही.

जाता जाता शिक्षकांसाठी व्यवहाराची गोष्ट. चित्रपटाचे हक्क कुणाचे तरी असतात. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यार्थी-पालकांपुढे केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तिकीट लावून प्रयोग करायचा, किंवा रचलेल्या गोष्टींचे पुस्तक छापून विकायचे, तर परवानगीचा प्रश्न येतो, हे ध्यानात असू द्यावे.

मंडळी, आपल्यापैकी बहुतेक जण जय किंवा वीरू नसतो. मोठ्यांच्या गोष्टीत आपण कुठे तरी कडेला उभे असतो, आणि आपल्या वाट्याला दोन वाक्ये येतात. कुणी ती खुशामतीला वापरतो, कुणी भीतीने बोलतो, आणि एखादा इमामसाहेबांसारखा अख्ख्या गावाला धीर देतो. म्हणून येत्या संमेलनात पात्रे वाटताना, गुरुजी, एवढे करून पाहा. वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलाला रामलाल द्या आणि मागच्या बाकावरच्या अबोल मुलाला इमामसाहेब द्या. त्याला वाक्ये पाठ करून देऊ नका. तो चौकात येतो तेव्हा त्याला काय ठाऊक नाही, एवढेच त्याला सांगा, आणि बाकीचे त्याच्यावर सोपवा.